ब्रेक ऑइलची पातळी बरोबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणाऱ्या प्रश्नांचा रोख एकच असतो: गाडीला वरून काय लावू? चाकांपाशी काय चाललंय हे क्वचितच कुणी विचारतं. यंदाही तसंच झालं, म्हणून वारंवार येणारे प्रश्न एकत्र घेतो. माझं उत्तर आणि तुमच्या गाडीचं मॅन्युअल यांत फरक पडला तर मॅन्युअल खरं माना.

प्रश्न (चिकोडी): टायरमध्ये पैसे देऊन नायट्रोजन भरू का?

साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. नको. महिन्यातून एकदा सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळेल.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): नव्या एसयूव्हीला सिरॅमिक कोटिंग करून घ्या, पाच वर्षं बघावं लागणार नाही, ओरखडेही पडणार नाहीत, असं सांगतात. खरं का?

ओरखडे पडतात. कोटिंगने पाणी आणि चिखल लवकर सुटतो, चकाकी जास्त दिवस टिकते, एवढंच. दारापाशी दुसऱ्या गाडीचं हँडल घासलं तर कोटिंग काही करू शकत नाही. आणि "बघावं लागणार नाही" हे निव्वळ विकण्यासाठीचं बोलणं आहे. कोटिंग केलेली गाडीही धुवावीच लागते. हौस असेल तर करा, पण वॉरंटीत काय बसतं ते लेखी घ्या.

रंगाचं खरं नुकसान रोज सकाळी कोरड्या फडक्याने होतं. आपल्याकडच्या लाल धुळीत बारीक खडे असतात. आधी भरपूर पाणी मारा, मग गाडीच्या शाम्पूने मऊ कापड फिरवा. भांड्यांचा साबण नको. पक्ष्याची विष्ठा त्याच दिवशी भिजवून काढा.

प्रश्न (जांबोटी): पावसाळ्यापूर्वी गाडीखाली जळकं ऑइल मारतात, गंज धरत नाही म्हणे. मारू का?

मारू नका. ते ऑइल रबरी बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) आणि होज (रबरी नळ्या) फुगवून खराब करतं, आणि ब्रेक डिस्कवर उडालं तर गाडी थांबणार नाही. अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला मारायचा गंजरोधक थर, तोही चिखलावर किंवा गंजावर मारलं तर ओल आतच कोंडते. तुमच्या भागात पाऊस कोसळतो, चिखल मडगार्डच्या आत बसून राहतो. तो आठवड्याला पाइपने धुवा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात, ती मोकळी ठेवा. कोटिंग करायचंच असेल तर गाडी लिफ्टवर घेऊन आधी गंज दाखवायला सांगा.

प्रश्न (खानापूर): गाडी पाच वर्षांची, फक्त 38 हजार किलोमीटर झाली. चोर्ला घाटातून नेहमी गोव्याला जातो. सर्व्हिस सेंटरवाले ब्रेक ऑइल बदला म्हणतात, पण पातळी तर बरोबर आहे. फुकटचा खर्च ना?

नाही. या वेळी सर्व्हिस सेंटरवाल्यांचं बरोबर आहे, उलट उशीर झालाय.

ब्रेक ऑइल संपत नाही, ते ओल पितं. होजच्या रबरातून, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून हवेतला दमटपणा त्यात हळूहळू शिरतो. गाडी उभी असली तरी शिरतो. म्हणून किलोमीटर कमी झाले याचा इथे काही उपयोग नाही. डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर हीच मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. डॉट 3 मध्ये 205 वरून 140.

आता चोर्ल्याचा उतार डोळ्यासमोर आणा. गाडीत सात माणसं, टपावर सामान, वळणामागून वळण, पाय सतत ब्रेकवर. डिस्क तापते, ती उष्णता कॅलिपरमधल्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातल्या) ऑइलला लागते आणि ओलसर ऑइल उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल मऊ होऊन खाली बसतं आणि गाडी थांबत नाही. घरी परतेपर्यंत ऑइल थंड होतं, पेडल पुन्हा घट्ट लागतं, आणि माणूस म्हणतो, भास झाला असेल. भास नसतो तो.

बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी किंवा 40 हजार किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा, ऑइल बदलायला सांगतात. तुमची दोन वर्षं केव्हाच उलटली. दर्जा टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो, तोच घाला. सीलबंद डबा समोर फोडायला लावा. उघडून ठेवलेल्या डब्यातलं ऑइल आधीच ओलं असतं. चारही चाकांच्या ब्रेकमधून जुनं ऑइल काढून नळ्यांतली हवा काढली पाहिजे. टाकीतलं ओढून नवं ओतलं की काम झालं, असं सांगणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, तो रंग खातो. आणि पातळी अचानक खाली गेली असेल तर नुसतं भरू नका: पॅड झिजले असतील किंवा गळती असेल.

घाटात न्यूट्रल करून डिझेल वाचतं ही ऐकीव गोष्टही सोडा. गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की आजच्या इंजिनात उतारावर इंधन जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. पेडल मऊ लागलं तर आणखी खालचा गिअर घाला, सुरक्षित जागी थांबा, चाकं आपोआप निवू द्या, पाणी ओतू नका. आणि मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढच्या गोवा फेरीआधी हे काम करा, फेरी पुढे ढकलावी लागली तरी.

प्रश्न (टिळकवाडी): डिझेल गाडी रोज फक्त शाळा आणि बाजारापुरती चालते. डीपीएफचा दिवा लागतोय.

धुरातली काजळी अडवणारी ही जाळी. इंजिन पुरेसं तापलं की काजळी जळून जाळी साफ होते. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही. दिवा नुसता लागला असेल तर मॅन्युअलप्रमाणे संकेश्वरच्या दिशेने महामार्गावर सलग चालवा. विझला नाही, लुकलुकू लागला किंवा इंजिन ऑइलची पातळी खुणेच्या वर चढली, तर थेट सर्व्हिस सेंटर गाठा. "जाळीच काढून टाकतो" म्हणणारा भेटला तर परत फिरा, ते बेकायदा आहे.

प्रश्न (अनगोळ): वर्षात सहाच हजार किलोमीटर झाले. दहा हजार होईपर्यंत इंजिन ऑइल ठेवू का?

नाही. वर्ष झालं की बदला.

प्रश्न (निपाणी): उंदीर वायरी कुरतडतात. बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवली तर चालेल का?

तंबाखू आपल्याकडे भरपूर पिकतो म्हणून तो इंजिनवर ठेवायचा नसतो. सुकी पानं गरम एक्झॉस्टला लागली तर पेट घेतील. गाडी एकाच जागी दिवसेंदिवस उभी करू नका, जवळ धान्य किंवा कचरा ठेवू नका, शिरायच्या वाटेला तारेची जाळी बसवा. कुरतडलेली वायर मात्र टेप गुंडाळून चालवू नका. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून संपूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) तपासून घ्या, आणि विम्यात हे बसतं का ते दुरुस्तीआधी विचारा.