फ्रीजमध्ये केळ्याची साल काळी पडते, गर मात्र चांगला राहतो. असं का? थंडीनं पेशीपटल खरंच फाटतं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. पिकलेली केळी फ्रीजमध्ये ठेवली की दोन-तीन दिवसांत साल काळी का पडते आणि सोलल्यावर आतला गर चांगला कसा निघतो, हा एक. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की थंडीनं पेशीपटल फाटतं, तर ते काय काचेचं आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. फ्रीजमध्ये पटल फाटत नाही, ते जागोजागी थिजतं, आणि थिजलं की गळायला लागतं. फाटण्याचा प्रकार होतो तो वरच्या फ्रीझरमध्ये. त्याबद्दल शेवटी लिहितो.

मी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातला. घरची केळी आहे आणि पोटापाण्यासाठी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न जानेवारीत बागेत भेटतो तसा वर्गातही भेटतो. उत्तर थोडं लांबेल, कारण 'पटल' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर जे येतं तेच मुळात वेगळं असतं.

अकरावीची पोरं वनस्पती पेशी काढतात तेव्हा बाहेरून एक ठसठशीत चौकट ओढतात. ती पेशीभित्तिका, सेल्युलोजची. ती आकार देते, ताण सोसते, पण काय आत घ्यायचं आणि काय नाही हे फारसं ठरवत नाही. रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले ते या भिंतीच होत्या, आतलं सगळं कधीच मेलेलं होतं. जिवंत पेशीत भिंतीच्या आतल्या अंगाला चिकटून पेशीपटल असतं. त्याची जाडी साधारण ७ नॅनोमीटर. अशी जवळपास १ लाख ४० हजार पटलं एकावर एक ठेवली तर १ मिलिमीटर भरेल. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाही. कांद्याच्या पापुद्र्यावर मिठाचं पाणी टाकलं की आतला गोळा भिंतीपासून सुटून आकसतो, तेव्हा त्या गोळ्याच्या कडेवरून पटल तिथं आहे एवढं कळतं.

ते बनलंय कशाचं? मुख्यतः फॉस्फोलिपिड आणि प्रथिनं. फॉस्फोलिपिडच्या रेणूला एक डोकं असतं, ते पाण्यात रमतं, आणि दोन शेपट्या असतात मेदाम्लांच्या, त्या पाण्यापासून पळतात. असे रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दुहेरी थर करून बसतात. डोकी दोन्हीकडे बाहेर, शेपट्या मध्ये लपलेल्या. हा थर दुहेरी असतो हे पहिल्यांदा दाखवलं ते गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी, १९२५ साली. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधला सगळा मेद ॲसिटोननं काढला, पाण्यावर एकेरी थरात पसरवला आणि क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणजे थर दोन. गंमत अशी की त्यांचा सगळा मेद निघालाच नव्हता, आणि पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आलं. परीक्षेत असं उत्तर आलं तर मी किती गुण देईन, कोण जाणे.

आता तुमच्या केळ्याशी ज्याचा थेट संबंध आहे तो मुद्दा. हा थर घट्ट नसतो, तो द्रव असतो. त्यातला प्रत्येक रेणू आपल्या थरात सतत सरकत असतो, सेकंदाला सुमारे २ मायक्रोमीटर, म्हणजे एखाद्या जिवाणूच्या लांबीएवढा. या थरातून पलीकडच्या थरात उलटी मात्र तो क्वचितच मारतो. १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी जोडून एकच पेशी केली. दोघींच्या पटलावरच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांच्या खुणा केल्या होत्या. ३७ अंश सेल्सिअसला ४० मिनिटांत दोन्ही रंग एकमेकांत पूर्ण मिसळले. तापमान १५ अंशांच्या खाली नेलं तेव्हा हे मिसळणं जवळजवळ थांबलं. पुढं दोन वर्षांनी, १९७२ मध्ये, सिंगर आणि निकोल्सन यांनी जे प्रतिमान मांडलं तेच आज आपण शिकवतो: मेदाचा वाहता थर आणि त्यात तरंगणारी प्रथिनं. ही प्रथिनं म्हणजे पटलाची दारं आणि पंप. पाण्यासाठी वेगळं दार (पीटर ॲग्रे यांना त्याच्या शोधासाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं), पोटॅशियमसाठी वेगळं, साखरेसाठी वेगळं. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, इथिलीन असले छोटे वायू कुणाला न विचारता मेदातून आरपार जातात. दारं नीट उघडमीट व्हायची तर त्यांच्या भोवतीचा मेद पातळ असावा लागतो.

मेद किती थंडीत थिजेल हे शेपट्यांवर ठरतं. घरातलं उदाहरण घ्या. जानेवारीत आमच्याकडे डब्यातलं तूप दगड होतं आणि शेजारच्या बरणीतलं शेंगदाण्याचं तेल वाहतं राहतं. तुपात संपृक्त मेदाम्लं जास्त, त्यांच्या शेपट्या सरळ, एकमेकींना खेटून बसतात. तेलात असंपृक्त जास्त, त्यांच्या शेपट्यांना मध्येच बाक असतो, त्यामुळे त्या खेटून बसू शकत नाहीत. पटलातही हेच रसायन चालतं. गहू-हरभऱ्यासारखी थंडीची पिकं गारवा वाढायला लागला की पटलात असंपृक्त मेदाम्लांचं प्रमाण वाढवतात आणि पटल वाहतं ठेवतात. केळीचे पूर्वज आग्नेय आशियातल्या दमट, उबदार जंगलांतले. त्यांना या तयारीची कधी गरजच पडली नाही. म्हणून एकाच रात्री एका वावरातला गहू खुशीत असतो आणि बांधापलीकडची केळी आजारते.

तर, केळं फ्रीजमध्ये गेलं. तिथं साधारण ४ अंश. केळ्याच्या सालीतल्या पेशींची पटलं १२-१३ अंशांच्या खालीच बिघडायला लागतात. सगळं पटल एकदम गोठत नाही. कुठं कुठं मेद दाटतो, प्रथिनं उरलेल्या पातळ भागात ढकलली जातात, आणि दाट-पातळ यांच्या सीमेवर फटी राहतात. पंप मंदावतात. आतलं पोटॅशियम बाहेर झिरपायला लागतं. हे मोजताही येतं: सालीच्या चकत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायच्या आणि कंडक्टिव्हिटी मीटर लावायचा. थंडीनं बिघडलेल्या सालीच्या पाण्यातून वीज जास्त वाहते, कारण क्षार गळलेले असतात. शिवाय ऑक्सिजनची आक्रमक रूपं पटलातल्या मेदाम्लांवर हल्ला करतात आणि गळती आणखी वाढते.

काळा रंग येतो तो पुढच्या पायरीला. पेशीत एकच पटल नसतं. आतल्या प्रत्येक कप्प्याला आपापलं पटल आहे: केंद्रकाला, लवकांना (हरितलवकासारखे छोटे कप्पे), रिक्तिकेला (रस साठवणारा मोठा कप्पा). केळ्याच्या सालीच्या पेशीत फिनॉल गटातली द्रव्यं रिक्तिकेत साठवलेली असतात आणि त्यांना काळं करणारं विकर (एन्झाइम), पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, लवकांत असतं. दोघं एकाच घरात राहतात, पण मध्ये पटलं असल्यामुळे भेट होत नाही. पटलं गळकी झाली की भेट होते, ऑक्सिजन असतोच, आणि फिनॉलपासून मेलॅनिनसारखं तपकिरी-काळं द्रव्य तयार होतं. केळं आपटलं, दाबलं गेलं की जो डाग पडतो तोही याच भेटीचा, फक्त तिथं पटल धक्क्यानं फुटतं. पिकलेल्या केळ्यावर आपोआप येणारे ठिपके म्हणजे म्हातारपणी पटलं सैल पडल्याची खूण. अशी ठिपक्यांची केळी बिनधास्त खा, मला तर तीच आवडतात.

गर का वाचतो? कारण रंगाचा कच्चा माल बहुतांश सालीत आहे. त्यातलं एक मुख्य द्रव्य आहे डोपामाइन. हो, तेच, मेंदूतलं. सालीत ते गरापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. आणि थंडीत गरातली पिकवणारी विकरं मंदावतात, त्यामुळे तो उलट बाहेरच्यापेक्षा जास्त दिवस घट्ट राहतो. फार दिवस ठेवलं तर गरही बिघडतोच.

डोपामाइनचं नाव निघालंच आहे तर एक विषयांतर. 'केळ्यात डोपामाइन असतं, खा आणि आनंदी राहा' असे मेसेज आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतात. केळी विकली गेली तर मला आनंदच आहे, पण खाल्लेलं डोपामाइन मेंदूत पोचत नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जुळलेल्या असतात की मधल्या फटीतून जाता येत नाही, पेशीच्या आतून जावं तर मेदाच्या थरातून हा पाण्यात रमणारा रेणू पार होत नाही, आणि त्याच्यासाठी तिथं सोयीचं दारही नाही. म्हणूनच मेंदूत डोपामाइन कमी पडणाऱ्या पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामाइन न देता लेव्होडोपा देतात. त्याला अमिनो आम्लांच्या दारातून प्रवेश मिळतो, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं.

बागेतली गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. फ्रीजमध्ये जे तुम्ही पाहता ते आम्ही रावेर-यावल पट्ट्यात उभ्या पिकावर पाहतो. पारा १० अंशांच्या खाली गेला की केळीला चरका बसतो. नवीन पान यायला वेळ लागतो, पानं पिवळी पडतात, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबते, कधी घड पोग्यातच (गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) अडकतो. घड बाहेर असेल तर साल नखानं खरवडली की आत तपकिरी रेघा दिसतात. हा माल पिकवला तरी पिवळाधमक रंग चढत नाही, राखट दिसतो, आणि व्यापारी भाव पाडतो. खाणाऱ्याला गरात फारसा फरक कळणार नाही, पण बाजार सालीवर चालतो. उपाय म्हणून रात्री विहिरीचं पाणी देतात, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. कडेनं शेवरी लावलेली असते, ती गार वारं अडवते. घडावर स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पिशवी, घालतात. पहाटे काडीकचरा पेटवून धूरही करतात, पण उघड्या रानात, वारं असताना, त्याचा उपयोग मला तरी थोडाच वाटतो.

आखाती देशांत जाणारी हिरवी केळी रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये १३-१४ अंशांना ठेवतात, त्याचं कारणही हेच. त्याहून गार केलं तर पटलं बिघडतात, त्याहून उबदार ठेवलं तर वाटेतच पिकतात.

काळं करणारं हेच विकर गरमीत कसं वागतं ते भरताच्या वांग्यात पाहा. चिरलेलं कच्चं वांगं मिनिटांत काळवंडतं. तेच अख्खं वांगं कपाशीच्या काड्यांवर चांगल्या जाळात भाजलं तर आतला गर फिका, हिरवट-पांढरा निघतो. आगीनंही पटलं मोडतात, अगदी पूर्ण मोडतात, पण सोबत विकरही मरतं, त्यामुळे फिनॉल मोकळे होऊनही काळं करायला कुणी उरत नाही. फ्रीजची थंडी पटल बिघडवते आणि विकराला जिवंत ठेवते. मंद असेल, पण दोन-तीन दिवस त्याला पुरतात.

आता फ्रीझर. उणे १८ अंशांना पेशीतल्या पाण्याचं बर्फ होतं, स्फटिक वाढतात आणि पटलं भोसकतात. हे मात्र खरंखुरं फाटणं. म्हणून फ्रीझरमधलं केळं बाहेर काढलं की पाणी सोडतं आणि लगदा होतो. शेकसाठी उत्तम, शिकरणीला नको.

घरी करून पाहायचं असेल तर एकाच फणीतली तीन केळी घ्या: एक बाहेर, एक तसंच फ्रीजमध्ये, एक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये. गुंडाळलेलं सहसा कमी काळं पडतं, कारण आत ऑक्सिजन कमी पोचतो. खाण्यासाठी साधा हिशेब: केळी पूर्ण पिकली असतील आणि लगेच संपणार नसतील तर फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही, सालीकडे बघू नका. हिरवी केळी मात्र कधीच ठेवू नका. एकदा चरका बसला की बाहेर काढल्यावरही ती धड पिकत नाहीत, पिठूळ राहतात, आणि मग नाव आमच्या केळीचं खराब होतं.