कथेतलं पात्र जिवंत कसं करतात?

रंगरूपाचं वर्णन करून तरी नक्कीच नाही. ‘गोरा, उंच, घारे डोळे’ एवढ्यावर फार तर स्थळ बघायला जाता येतं. पात्र उभं राहतं ते बोलण्यातून, आणि त्याहून जास्त ते जे लपवतं त्यातून.

पु. लं.चा अंतू बर्वा आठवा (‘व्यक्ती आणि वल्ली’, या पुस्तकाला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार). रत्नागिरीत वीज आली तरी हा घेत नाही. का, तर गळकी कौलं नि भिंतींचे पोपडे बघायला दिवे कशाला! आपण हसतो, आणि हसता हसता त्याचं दारिद्र्य दिसतं. ‘अंतू गरीब होता’ असं लिहिलं असतं तर कोण लक्षात ठेवणार होतं?

माझ्या एका कथेतला निवृत्त एसटी कंडक्टर काही केल्या हलेना. नुसता सज्जनपणाचा पुतळा. मग त्याला दूधवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालायला लावली, तळहातावर नाणी आकारानुसार रचून. आणि बायकोच्या दुखण्याबद्दल कुणी विचारलं की ‘चला, पुढे सरका’ म्हणत विषय टाळायला लावलं. त्यानंतर त्याचे संवाद मला शोधावे लागले नाहीत.