निकालापासून दिवाळीपर्यंत

आदरणीय मावशी,

मी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते. माझे बहुतेक विद्यार्थी भिल्ल, पावरा आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबांतील असून आपापल्या घरात बारावीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच आहेत. वर्ग सुटल्यावर मी त्यांच्याकडून प्रवेश परीक्षांची तयारी करून घेते, त्यांचे अर्ज भरून देते, दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात खेटे घालते. गेल्या वर्षी एका मुलीला धुळ्यात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या खोलीची अनामत आणि पहिल्या महिन्याची खानावळ मी माझ्या मानधनातून भरली. दिवाळीला ती घरी आली आणि परत गेलीच नाही. तिचे वडील आठवडे बाजारात भेटले, ते चारचौघांत म्हणाले, “आमनी पोरले तुमी नादी लाई दिधं.” यजमानांचे म्हणणे असे की, समाजसेवेचा मक्ता तूच घेतला आहेस का? यंदा बारावीला आणखी एक हुशार आदिवासी मुलगी आहे. तिला डॉक्टर व्हायचे आहे, पण नीटच्या सराव चाचण्यांतील गुण पाहता एमबीबीएस अवघड दिसते आणि घरचे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास तिचे लग्न उरकण्याच्या विचारात आहेत. “मॅडम, तुम्हीच घरी येऊन सांगा,” असे ती मला रोज म्हणते. मी जावे का? पुन्हा पैसे भरावेत का? की हे सगळे सोडून द्यावे?

— एक शिक्षिका


सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकते. त्या मुलीच्या घरी जरूर जावे, स्वतःच्या पगारातून पैसे भरू नयेत आणि हे काम सोडू नये. मात्र आज त्यातील जो भाग तुम्ही एकट्याने उचलला आहे, त्यापैकी निम्मा विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या हाती द्यावा.

तुमचे पत्र मी पुन्हा वाचले तेव्हा एक गोष्ट खटकली. प्रवेश मिळेपर्यंतची हकीकत त्यात तपशीलवार आहे, दिवाळीनंतरचा अपमानही आहे. परंतु जुलै ते दिवाळी या काळात त्या मुलीचे काय झाले, याविषयी एक ओळही नाही. ती परत का गेली नाही, हे तिला कोणी विचारले का? वडिलांचे बाजारातील वाक्य हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. गावात मान खाली गेली असे वाटणारा माणूस चारचौघांत जे बोलतो ते बहुधा खरे कारण झाकण्यासाठीच असते.

आपल्याकडे हुशार मुलांची गळती होते ती याच काळात. बारावीचा निकाल मेमध्ये लागतो आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेश फेऱ्या पुढे जुलै-ऑगस्टपर्यंत रेंगाळतात. नेमक्या त्याच दिवसांत कपाशीची लागवड आणि निंदणी चालू असते, म्हणजे घरातील एकेका हाताला रोज मजुरी मिळत असते. फेरीची यादी लागली, कागदपत्रे घेऊन केंद्रावर हजर राहायचे, जागा निश्चित करायची मुदत दोन-चार दिवसांची; तेवढ्यासाठी बापाने खाडा करून पोरीबरोबर धुळ्याला किंवा जळगावला जायचे, आणि तेही वसतिगृहाची यादी अजून लागलेली नसताना. त्यातून प्रवेश झालाच तर आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली मुलगी प्रथमच शंभर जणांच्या वर्गात इंग्रजी व्याख्यान ऐकत बसते, आपले बोलणे ऐकून कोणी हसेल म्हणून तोंड उघडत नाही, आणि शिष्यवृत्तीचे पैसे तर पहिल्या सत्रात क्वचितच हाती पडतात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईवडील कोयता घेऊन गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेले, तर धाकट्या भावंडांना आणि म्हाताऱ्या आजीला कोण पाहणार, हा प्रश्न दरवर्षी त्याच आठवड्यात उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुतेक घरांत मोठी मुलगी हेच असते. (मे महिन्यात शाल, श्रीफळ देऊन गुणवंतांचे सत्कार करणाऱ्या मंडळांनी नोव्हेंबरात त्याच मुलांची हजेरी घेतली, तर मला फार आनंद होईल.) साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत असताना तेथील छात्रालयही सांभाळत असत. मूल शिकते की परत जाते याचा निकाल पुष्कळदा वर्गाबाहेर, राहण्या-जेवण्याच्या जागी लागतो, हे त्यांनी ओळखले होते, असे मला नेहमी वाटते.

म्हणून तुमच्या कामाची सुरुवात बारावीच्या निकालाच्या वर्षभर आधी व्हावी आणि ते पहिल्या दिवाळीच्या सुट्टीनंतरच संपावे.

सुरुवात कागदांपासून करा, कारण हुशारी कमी पडल्याने जेवढ्या जागा जातात, त्याहून कितीतरी अधिक कागद वेळेवर न मिळाल्याने जातात. अकरावीतच प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्लास्टिकची फाइल करायला सांगा आणि शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि जातीचा दाखला हे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून नावाचे प्रत्येक अक्षर ताडून पाहायला लावा. एका कागदावर ‘पावरा’, दुसऱ्यावर ‘पावारा’, तिसऱ्यावर वडिलांचे नाव ‘रायसिंग’ आणि चौथ्यावर ‘रायसिंग्या’ असा घोळ हमखास सापडतो. अकरावीत तो महिन्या-दोन महिन्यांत मिटतो, प्रवेश फेरी चालू असताना मिटत नाही. मोबाइल क्रमांकाचेही तसेच आहे. अर्जात वडिलांचा क्रमांक दिलेला असतो, वडील फडात असतात, रिचार्ज संपलेला असतो आणि इकडे सेतू केंद्रात पोरगी ओटीपीची वाट पाहत बसलेली असते. तिच्या स्वतःच्या आधारशी जोडलेला आणि चालू राहणारा क्रमांक ही चैन समजू नका. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. पासबुक एका बँकेचे आणि आधार जोडलेले दुसऱ्याच जुन्या खात्याला, असे असेल तर पैसे येऊनही तिला कळत नाहीत.

सर्वांत वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, जातीचा दाखला तपासून खरा ठरवल्याचा सरकारी समितीचा कागद. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर ते लागतेच, आणि त्याचा अर्ज अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच महाविद्यालयामार्फत करता येतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या घरात आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत तेथे तो कोठून आणायचा, असे म्हणून अनेक जण तेथेच थांबतात. अशा वेळी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे आपल्याकडे ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी शोधाव्यात, जमिनीचे जुने उतारे पाहावेत, आणि वडिलांकडील रक्तनात्यात कोणा काका-आत्याला वैधता मिळाली आहे का याची चौकशी करावी. हा शोध तुम्ही घेऊ नका. भाऊकीत कोण कोणाचा, हे तुम्हाला कळणारही नाही. तो वडिलांना आणि मुलीला मिळून घेऊ द्या. पोरीच्या शिक्षणासाठी बापाने एकदा स्वतः आजोबांची नोंद शोधून काढली, की त्या शिक्षणात त्याचाही वाटा पडतो आणि मग “नादी लावलं” असे म्हणणे त्याला जड जाते.

पैशांविषयी मी जरा कठोर बोलणार आहे. तासिका तत्त्वावरील मानधन किती आणि ते किती महिन्यांनी मिळते, हे तुम्हाला सांगायला नको. तो प्रश्न बाजूला ठेवला तरी, तुम्ही अनामत भरली त्या दिवशी त्या वडिलांवर एक न फिटणारे ऋण चढले आणि मुलीवर तुमच्यासाठी टिकून राहण्याचे ओझे आले. तिला तेथे जड जात होते, तेव्हा ज्या एका व्यक्तीला ते मोकळेपणाने सांगता आले असते त्या व्यक्तीचेच पैसे वाया जात आहेत, ही जाणीव तिला गप्प बसवायला पुरेशी होती. तुमचा हेतू चांगला होता यात शंका नाही.

सरकारी मार्ग संथ असले तरी आहेत. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज पहिल्याच दिवशी भरावा. तेथे जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, तिच्यातून जेवण, निवास आणि शैक्षणिक साहित्याची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते; चौकशी नंदुरबार किंवा तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात करावी. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी त्याच धर्तीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना समाजकल्याण विभागाकडे आहे. इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हे अजूनही कित्येक पालकांना ठाऊक नाही. यांतील पहिला हप्ता हाती येईपर्यंतचे तीन-चार महिने ही खरी खिंड. तेवढ्यापुरती उसनवार शाळेचा पालक-शिक्षक संघ आणि नोकरीला लागलेले तुमचे माजी विद्यार्थी मिळून करू शकतात. ती लिहून द्यावी, लिहून घ्यावी, आणि शिष्यवृत्ती आली की परत घ्यावी. परत घेतल्याने पुढच्या वर्षीच्या मुलीची सोय होते, शिवाय घेणाऱ्याची मान ताठ राहते.

आता यंदाच्या मुलीविषयी. प्रथम तिच्या शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख पाहा. आखाजीला तिला १८ वर्षे पूर्ण होत नसतील तर लग्नाचा विषय कायद्यानेच संपतो, आणि ते तुम्ही नव्हे तर मुख्याध्यापक आणि ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांनी घरी सांगावे. ग्रामसेवक हे गावपातळीवर बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात आणि अडचण आल्यास १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. तिला १८ पूर्ण असतील तर लग्न करायचे की नाही, हे तिने ठरवायचे आहे, तुम्हीही नाही आणि मीही नाही. म्हणून घरी जाण्यापूर्वी तिच्याशी एकटीशी बोला आणि “तुम्हीच सांगा” यावर राजी होऊ नका. बोलायचे तिने, तुम्ही शेजारी बसायचे.

तिचे गुण कोणत्या यादीशी ताडून तुम्ही एमबीबीएस अवघड ठरवले, हेही तपासा. राज्यात अनुसूचित जमातीसाठी ७ टक्के जागा राखीव आहेत आणि गेल्या वर्षीच्या फेऱ्यांत त्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, ते राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या यादीत पाहायला मिळते. खुल्या प्रवर्गाचे आकडे ऐकून आपली मुले आधीच धीर सोडतात. तरीही केवळ नीटच्या आशेवर तिला बसवू नका. नीटच्याच गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक आणि फिजिओथेरपीचे प्रवेश होतात, बी.एस्सी. नर्सिंगची राज्य सीईटी मात्र स्वतंत्र आहे, आणि कृषी पदवीसाठी एमएचटी-सीईटीचा अर्ज भरलेला असावा. ज्यांनी फक्त नीटचा अर्ज भरलेला असतो त्यांच्यासाठी यांतील काही दारे निकालाआधीच बंद झालेली असतात. हे उत्तर वाचाल तेव्हा या दोन्ही सीईटींच्या अर्जाची मुदत शिल्लक असेल, तर त्याच दिवशी तिला केंद्रावर पाठवा. डी.फार्मसीचा प्रवेश बारावीच्या गुणांवरच होतो, तोही मनात असू द्या. नर्सिंग किंवा कृषी म्हणजे डॉक्टर होता आले नाही म्हणून केलेली तडजोड, असे तुमच्या बोलण्यातून तिला चुकूनही जाणवू देऊ नका. धडगाव-अक्कलकुव्याच्या पट्ट्यात पावरी किंवा भिली बोलणारी परिचारिका किती हवी आहे, हे तेथील कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून पाहा.

घरी जाताना मोठी स्वप्ने सांगायला जाऊ नका. एका कागदावर अभ्यासक्रम किती वर्षांचा, वसतिगृह मिळाले तर खर्च किती, न मिळाले तर किती, पैसे कोणत्या महिन्यात येतात आणि कोणत्या महिन्यात येत नाहीत, एवढे लिहून न्या. ते वडिलांना वाचता येत नसेल तर मुलीने वाचून दाखवावे. ऊसतोडीच्या काळात धाकट्या भावंडांची सोय कशी लावायची, हा विषय तुम्हीच काढा, कारण त्यांच्या मनात तोच असतो आणि मॅडमसमोर बोलायला ते संकोचतात. भावंडांना आश्रमशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येते का, याची माहिती आधी काढून ठेवलीत तर अर्धा विरोध तेथेच मावळेल. तिला प्रवेश मिळाल्यावर त्याच महाविद्यालयातील, आपल्याच भागातील एखादी वरच्या वर्गातील मुलगी शोधून दोघींची गाठ घालून द्या, आणि गणपतीच्या सुमारास स्वतः एक फोन करा.

तुमच्या यजमानांचा राग मला अगदीच गैरवाजवी वाटत नाही. न विचारता घरातील पैसे बाहेर गेले आणि संध्याकाळी बायको तहसीलच्या ओट्यावर, तर कोणीही कुरकुर करील. आता पैसे देणार नाही आणि आठवड्यातील दोनच संध्याकाळी या कामाला देईन, असे त्यांना स्पष्ट सांगा आणि पाळा.

राहिली गेल्या वर्षीची मुलगी. तिच्या घरी एकदा जायलाच हवे, आणि बाजारातील बोलण्याचा हिशेब काढायला नव्हे. ती का परतली, ते तिच्याकडून ऐका. तिला पुन्हा शिकायचे असेल तर जुलैत नव्याने प्रवेश घेता येईल. घर सोडता येत नसेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे जवळचे अभ्यासकेंद्र कोठे आहे ते तिला सांगा. आणि तिला यांपैकी काहीच नको असेल तर तेही ऐकून घ्या. जाताना यजमानांना बरोबर न्या. वडिलांशी ओट्यावर बसून पाऊसपाण्याच्या चार गोष्टी ते बोलतील, तेवढ्यात तुम्हाला आत मुलीशी बोलता येईल.

— तुमची मावशी