नागपूरहून आइसलँडला जातोय. लँडमनालोयगरची एक दिवसाची डोंगरवाट गाइडसोबत करावी की गाडी भाड्याने घेऊन आपलं आपण जावं? आई ५८ वर्षांची आहे, तिला झेपेल का?

गाइडसोबतच जा. आईला झेपेल, तिला न्याच. आणि कोणी म्हणालं की "गाइडच्या मागे चालणं म्हणजे ट्रेक नव्हे, ती सहल," तर त्याचं ऐकू नका. हे वाक्य मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचल्यावर हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

मी नागपूरची. शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. माझे थोरले दीर पुण्यात असतात. कॉलेजपासून राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड पायाखाली घातलेले. त्याचा त्यांना अभिमान आहे आणि तो असावाच. पण मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दर दिवाळीला एक विषय ठरलेला: "तुम्हा नागपूरकरांना डोंगर कुठे माहीत? सगळा सपाट मुलूख. कूलरसमोर बसायचं आणि संत्री खायची." मी मोठ्यांपुढे बोलत नसे, पण पटलेलं कधीच नव्हतं. माझी आई नागद्वारच्या यात्रेला जायची. नागपंचमीच्या सुमारास, भर पावसात, पचमढीच्या डोंगरातल्या निसरड्या वाटा आणि लोखंडी शिड्या. विदर्भातल्या गावागावांतून माणसं जातात, बाया लुगडं खोचून चढतात. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारे तर वेगळेच. यांना कोणी ट्रेकर म्हणत नाही, कारण यांच्या पायात तसले बूट नसतात. आणि नागद्वारला नवखा माणूस एकटा निघत नाही. आधी जाऊन आलेला पुढे असतो, बाकीचे त्याच्या मागे. यात कुणाला कमीपणा वाटलेला मी पाहिलेला नाही. ताडोब्यात तरी गाइडशिवाय कोण आत सोडतं?

पुतण्या नोकरीनिमित्त युरोपात असतो. त्याने आम्हा सगळ्यांना, म्हणजे भाऊजी, जाऊबाई, आमचे हे आणि मी, एका उन्हाळ्यात आइसलँडला नेलं. लँडमनालोयगर त्याच्याच यादीत होतं. पहिल्याच संध्याकाळी वाद झाला. भाऊजींचं म्हणणं, जीप भाड्याने घेऊ, नकाशा फोनमध्ये आहे, दुसऱ्याच्या वेळापत्रकावर कशाला चालायचं? पुतण्याने शांतपणे सांगितलं की तिथले डोंगराळ रस्ते, ज्यांच्या क्रमांकाआधी एफ असतो, तिथे फोर-बाय-फोरशिवाय गाडी नेणं कायद्यानेच मना आहे. काही रस्त्यांवर पूल नाहीत, नदी पाण्यातूनच ओलांडायची. आणि पाणी इंजिनात शिरलं तर त्याचं नुकसान भाड्याच्या गाडीचा विमा सहसा भरून देत नाही. भाऊजी तरी ऐकेनात. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "मी गाइडच्या गाडीतून जाणार, ज्यांना यायचं त्यांनी या." त्या घरात सहसा बोलत नाहीत, म्हणून ते लागू पडलं.

राजधानी रेक्याविकहून जायला चार तासांच्या आसपास लागतात. वाटेत हेक्ला दिसतो. २००० मध्ये शेवटचा उद्रेक झालेला, आणि पुढचा होईल तेव्हा तासाभराची पूर्वसूचना मिळेल याचीही खात्री नाही, असा ज्वालामुखी. आमची गाइड तिशीतली मुलगी होती, हिवाळ्यात शाळेत शिकवते म्हणाली. माझं तिच्याशी तिथेच जमलं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गात मी वर्षानुवर्षं ज्वालामुखी शिकवला. दख्खनचं पठार साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं आहे, घाटाकडे त्या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, पूर्वेकडे पातळ होत होत नागपूरच्या आसपास हे थर संपतात, सीताबर्डीची टेकडी त्याच बेसाल्टची, म्हणजे लाव्हापासून झालेल्या काळ्या खडकाची आहे, हे सगळं फळ्यावर काढलं. पण सगळं थंड झालेलं, मेलेलं. आपल्याकडची गरम पाण्याची कुंडं, पचमढीजवळचं अनहोनी घ्या नाहीतर कोकणातली, ती ज्वालामुखीमुळे नाहीतच. पाणी भेगांतून खोल जातं, तापतं, वर येतं. लँडमनालोयगरला जमिनीखालचा ज्वालामुखी जिवंत आहे. तिथला लाव्हा १४७७ च्या सुमाराचा, म्हणजे बहमनी राज्य असतानाचा. भूगोलाच्या बाईला हे अंतर काय वाटलं असेल ते समजून घ्या. काळा, तुटका, धारदार दगडांचा पट्टा, मध्ये मध्ये काचेसारखा चमकणारा ऑब्सिडियन, आणि त्याच्या पलीकडे पिवळे, विटकरी, हिरवट, राखाडी डोंगर. ते बेसाल्टचे नाहीत, ऱ्हायोलाइट नावाच्या वेगळ्या लाव्हाच्या खडकाचे आहेत. त्यात सिलिका जास्त, म्हणून लाव्हा घट्ट असतो, फार लांब वाहत नाही. मग गरम वाफा आणि पाणी त्या खडकाला आतून कुजवतात आणि हे रंग येतात. फोटोत दिसतात ते रंग खरे आहेत. ढग असले तर उलट जास्त खुलतात.

गाइडने विचारलं, तुमच्याकडे कोणता खडक? भाऊजींनी सह्याद्रीचं वर्णन सुरू केलं, ते छान बोलतात. त्यांचं झाल्यावर मी म्हटलं, माझ्या घरापासून रिक्षाने गेलं तर पंधरा मिनिटांवर तोच बेसाल्ट आहे, त्याच लाव्हाच्या पूर्वेकडच्या टोकाचा. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "सीताबर्डी?" म्हणाले. हो, सीताबर्डी. इतक्या वर्षांत त्यांनी ती टेकडी फक्त बाजारातून जाताना पाहिली होती.

कार्यक्रमात ब्लाउह्नूकुर नावाचा निळसर काळा डोंगर चढायचा होता. ९४० मीटरच्या आसपास उंची, तळ सहाशे मीटरला, म्हणजे आकड्यांत काहीच नाही. पण वाट भुसभुशीत खडीची आणि वरची धार अरुंद. पायथ्याशी गाइड थांबली, वर बघत राहिली, दोनदा वायरलेसवर बोलली आणि म्हणाली, आज नाही. खाली वारा सोसवेल इतका होता, ऊनही होतं. भाऊजी चिडले. पैसे भरलेत, एवढ्यावर काय आहे, आमच्याकडे पावसात याच्या दुप्पट चढतो. पुतण्या मध्ये पडेना. आमचे हे मोठ्या भावापुढे बोलत नाहीत. तेव्हा मी बोलले. म्हटलं, भाऊजी, सह्याद्रीत तुम्ही आम्हाला थांब म्हणालात तर आम्ही थांबू. हा तिचा डोंगर आहे.

एवढंच. पण आमच्या घरात ते पहिल्यांदा झालं.

गाइडने मग सांगितलं की याच डोंगरांतून पुढे थॉर्समोर्ककडे जी ५५ किलोमीटरची प्रसिद्ध वाट जाते, तिच्यावर २००४ च्या जूनच्या अखेरीस एक पंचविशीतला परदेशी मुलगा हिमवादळात सापडून गेला. निवाऱ्याची झोपडी फार लांब नव्हती. जून, म्हणजे त्यांचा भर उन्हाळा. त्याच्या आठवणीचा दगडांचा ढीग तिथे वाटेवर आहे. तासाभरात ब्लाउह्नूकुरचा माथा ढगात गेला आणि खाली आडवा पाऊस आला. भाऊजी त्याबद्दल अजूनही म्हणतात की जमलं असतं. नसतं जमलं. हे मी इथे लिहून ठेवते, त्यांचा मुलगा ही साइट वाचतो.

आम्ही लाव्हाच्या पट्ट्यातून ब्रेनिस्टाइन्साल्डाच्या बाजूला गेलो. तो गंधकाचा डोंगर, ८५५ मीटर. त्याच्या कुशीत जमिनीतून वाफा निघतात, सडक्या अंड्याचा वास येतो, चिखल उकळत असतो. तिथे वाट सोडायची नाही, कारण वरचा थर पातळ असतो आणि खाली जवळपास उकळतं पाणी. शेवाळावरही पाय द्यायचा नाही. फोटोसाठी एकाने दिला, गाइडने लगेच खाली उतरवलं. हे शेवाळ एकदा तुडवलं की भरून यायला कित्येक दशकं जातात. हा भाग १९७९ पासून संरक्षित आहे, खिशात दगडही घालू नका. परत येताना हिरव्या घळीतून आलो. सगळी फेरी रमतगमत अडीच-तीन तासांची. तुमच्या आईला एवढंच चालायचंय, आणि एवढं त्यांना नक्की जमेल.

शेवटी गरम पाणी. लाव्हाच्या कडेखालून उकळीच्या जवळचं पाणी येतं, बाजूने गार ओढा येतो, दोन्ही मिसळतात तिथे डुंबायचं. कपडे बदलायला लाकडी फळ्यांचा ओटा आहे, आडोसा फारसा नाही, ही तयारी ठेवा. तिथेही चर्चा झाली. बायकांनी उघड्यावर पाण्यात उतरावं का, या वयात, लोक बघतात वगैरे. लोक बघत नव्हते. सगळे आपापल्या गळ्यापर्यंत पाण्यात होते. मी चाळिशीनंतर नागपुरात पोहायला शिकलेली आहे आणि पूर्ण बाह्यांचा पोशाख सोबत नेला होता. मी उतरले. मागोमाग जाऊबाई उतरल्या, पंजाबी ड्रेसवरच. नंतर त्या बाहेर यायलाच तयार नव्हत्या. म्हणून म्हणते, आईला "तुला काय करायचंय, तू काठावर बस" असं म्हणू नका. आपल्याकडच्या बायका आयुष्यभर सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत काठावर बसलेल्या असतात. पिशव्या तुम्ही सांभाळा.

तयारीचं थोडक्यात. जाण्याआधी महिना-दोन महिने आईला रोज सेमिनरी हिल्सला चालायला न्या, अधूनमधून रामटेकच्या पायऱ्या, जमलं तर एकदा चिखलदरा. सुती कपडे आणि जीन्स अजिबात नकोत, भिजले की अंगावर गार होतात. वारा अडवणारं जाकीट महाग वाटलं तरी घ्या, छत्रीचा काही उपयोग नाही. आपण मेमधल्या ४५ अंशांची माणसं, तिथे जुलैतही दहाच्या आसपास असतं आणि वाऱ्यात त्याहून कमी वाटतं. खायला तिखट-मिठाच्या पुऱ्या न्या. तिथे शाकाहारी माणसाचं भागेल असं काही मिळेल यावर विसंबू नका. रस्ते साधारण जूनच्या उत्तरार्धात उघडतात आणि सप्टेंबरपर्यंत चालू असतात, त्याआधीची तिकिटं काढू नका.

काही गोष्टी राहिल्या, त्याही प्रामाणिकपणे सांगते. तिथल्या वाटा खुंट्या ठोकून दाखवलेल्या आहेत आणि हवा चांगली असेल तर पुष्कळ लोक गाइडशिवाय फिरतात. तुमच्यापैकी कोणी बर्फात-नदीत गाडी चालवलेली असेल तर उत्तरेकडून येणारा रस्ता त्यातल्या त्यात सोपा आहे. शेवटची नदी न ओलांडता अलीकडे गाडी लावून पायपुलावरून जाता येतं. मात्र २०२४ पासून उन्हाळ्यात पार्किंग आधी आरक्षित करायचा नियम आला, तुमच्या तारखांना काय आहे ते बघून घ्या. तिथल्या हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज सकाळी बघितल्याशिवाय निघू नका आणि फोनमध्ये तातडीच्या मदतीचं, ११२ चं ॲप टाकून ठेवा. पाण्यात कधीकधी बदकांमुळे येणारे सूक्ष्म परजीवी असतात, अंगाला पुरळ येऊन खाज सुटते. तिथे तशी पाटी लावलेली असेल तर उतरू नका. आईला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा आणि पाण्यात फार वेळ बसू देऊ नका, बाहेर पडताना हात द्या.

खर्चाचं आणि कोणत्या कंपनीकडून जावं याचं मी सांगणार नाही, ते पुतण्याने बघितलं होतं. एवढं बघा की गट लहान असावा आणि गाइडला माथा रद्द करायचा अधिकार असावा. पैसे भरायच्या आधी हे लेखी विचारा. जे म्हणतील "आम्ही माथा दाखवतोच", त्यांच्याकडे जाऊ नका.