न विचारता भरलेली फी

नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. मुलगा ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला. इंटर्नशिपच्या मुलाखतीत ‘दोन इंटरप्ट एकदम आले तर प्रोसेसर आधी कोणाकडे बघतो?’ या प्रश्नावर चुकला (इंटरप्ट म्हणजे ‘हातातलं काम थांबव, आधी माझ्याकडे बघ’ असा प्रोसेसरला इशारा), आणि त्याच आठवड्यात तुम्ही जावा प्रोग्रामिंगच्या क्लासची फी भरून मोकळे झालात. त्याला न विचारता.

मला काळजी वाटली ती याची. दोन पानी पत्रात त्याला काय हवंय याबद्दल एक ओळ नाही. तक्रार मात्र आहे: ‘रात्री दोनपर्यंत बोर्ड घेऊन बसतो, नुसता दिवा लुकलुकतो.’ अहो, कोणी न सांगता मुलगा रात्री दोनपर्यंत जे करत बसतो, त्यातून तो जास्त कळतो की वीस मिनिटांच्या मुलाखतीतून? तुम्ही तेच दोष म्हणून लिहिलंत, याचं वाईट वाटलं.

आता मुलाखतीतलं त्याचं उत्तर. प्रत्येक इंटरप्टला प्रायॉरिटीचा, म्हणजे अग्रक्रमाचा, एक आकडा असतो. ‘ज्याचा आकडा मोठा तो आधी’ असं तो म्हणाला. एआरएम कॉर्टेक्स-एम जातीच्या प्रोसेसरमध्ये उलट असतं; आकडा जितका लहान तितकी प्रायॉरिटी वरची. ही चूक एका दुपारी सुटते. त्याहून चिवट गैरसमज म्हणजे ‘महत्त्वाच्या कामाला वरची प्रायॉरिटी’. खरं तर बघायचं असतं, कोण किती थांबू शकतं. मशीनचं चालू बटण महत्त्वाचं, पण बोटाने दाबलेलं बटण पाच मिलिसेकंद उशिरा वाचलं तरी कोणाला कळत नाही. १,१५,२०० बॉडवर (म्हणजे सेकंदाला इतके बिट) यूआर्टमधून, म्हणजे एकेक बिट करून अक्षरं आणणाऱ्या जोडणीतून, दर ८७ मायक्रोसेकंदांना नवं अक्षर येतं. आधीचं वेळेत उचललं नाही तर ते गेलंच. म्हणून वरची प्रायॉरिटी यूआर्टला.

त्याला हे करून बघू दे. एसटीएम३२ बोर्डावर (त्यात हाच कॉर्टेक्स-एम असतो) टायमरच्या, म्हणजे ठरावीक वेळाने येणाऱ्या, इंटरप्टमध्ये मुद्दाम एक मिलिसेकंद घालवायचा आणि लॅपटॉपवरून यूआर्टला एक लांब वाक्य पाठवायचं. प्रायॉरिटी ठरवली नाही तर टायमर आणि यूआर्ट दोघांनाही शून्य मिळतो, कोणी कोणाला अडवत नाही, आणि अक्षरं गळतात. टायमरला ५ द्या, यूआर्ट शून्यावरच ठेवा, वाक्य पूर्ण येतं. हे स्वतः बघितलेला मुलगा पुढच्या मुलाखतीत अडखळणार नाही.

पुढच्या शिक्षणासाठी गेट (एम.टेकच्या प्रवेशाची परीक्षा) आहे, सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेडचा (यंत्रांच्या आत बसवलेल्या प्रोसेसरच्या कामाचा) डिप्लोमाही आहे. ते पुढच्या वर्षी बघू.

जावा वाईट नाही. त्याने स्वतः मागितली तर जरूर शिकू दे. फी परत मिळते का ते क्लासला विचारा, पण त्याआधी आज रात्री त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसा आणि दिवा का लुकलुकतो ते त्याला विचारा.