बर्फापासून दूर राहून स्की शर्यतींच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर काम करावे का?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेतल्या मिनेसोटात राहून तुम्ही घणसोलीला परतला आहात. क्रॉस-कंट्री स्की शर्यती (म्हणजे बर्फाळ चढउतारांवरून स्कीवर लांब अंतर कापण्याच्या शर्यती) भरवणाऱ्या तिथल्या ज्या संस्थेचे तुम्ही सभासद होता, तिने कार्यकारिणीवर स्वयंसेवक म्हणून येण्याची विनंती केली आहे. मात्र शर्यतीत कधी न उतरलेल्या माणसाने इतक्या दुरून होकार द्यावा का, अशी तुम्हाला शंका आहे. मी ठाण्यात राहते. त्याच राज्यातल्या एका छोट्या स्की संस्थेचे हिशेब मी तिथे असताना आणि इकडे आल्यावरही सांभाळले आहेत. माझ्या मते होकार द्यावा, पण नुसत्या ‘सदस्य’ या मोघम पदाला नव्हे, तर नेमून दिलेल्या एखाद्या कामाला द्यावा.

शर्यतीचा अनुभव नसणे ही अडचण नाही, कारण अशा संस्थांमध्ये चांगल्या स्कीपटूंची वानवा नसते. विम्याचे कागद वाचणारा, जागामालकाशी पत्रव्यवहार करणारा आणि वार्षिक विवरणपत्र वेळेत भरणारा माणूस मात्र शोधूनही सापडत नाही. क्लासिक शर्यतीत, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून सरकण्याच्या शर्यतीत, कोणी स्केटिंगची, म्हणजे पाय बाजूला रेटत जाण्याची चाल वापरली तर काय करायचे, किंवा मार्गावरच्या सर्वांत थंड जागी तापमान उणे 20 अंश सेल्सिअसच्या खाली गेले तर शर्यत पुढे ढकलायची का, याची उत्तरे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमपुस्तकात असतात आणि त्यांचा अंमल पंचमंडळ करते. कार्यकारिणीकडे उरतात ते पैसा, माणसे आणि बर्फ न पडल्यास काय करायचे हा प्रश्न.

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तुमचा खरा उपयोग तिथेच होईल. विस्कॉन्सिनमध्ये केबल ते हेवर्ड अशी 1973पासून होणारी अमेरिकन बर्कबाइनर ही शर्यत 2017मध्ये पुरेशा बर्फाअभावी रद्द करावी लागली, तर 2024मध्ये यंत्राने तयार केलेल्या बर्फाच्या 10 किलोमीटरच्या वळशावर स्पर्धकांना फेऱ्या मारायला लावून ती पार पाडली गेली. स्वीडनची 90 किलोमीटरची वासालोपेत 1922मध्ये सुरू झाली. तीही 1932, 1934 आणि 1990मध्ये होऊ शकली नाही. मोठ्या शर्यतींची ही स्थिती, मग एखाद्या टेकडीवरच्या नैसर्गिक बर्फावर विसंबून असलेल्या संस्थेची काय कथा! शर्यत रद्द होते तोपर्यंत बिब (स्पर्धकांच्या अंगावरचे क्रमांक) छापून झालेले असतात, पदके आलेली असतात, वेळ नोंदवणाऱ्या कंपनीला आगाऊ रक्कम गेलेली असते, आणि तरीही प्रवेश शुल्क परत मागणारा स्पर्धक अगदी रास्त बोलत असतो. म्हणून किती शुल्क परत द्यायचे, अंतर कमी करून शर्यत घ्यायची का, निर्णय किती दिवस आधी जाहीर करायचा आणि तो कोणी घ्यायचा, हे सगळे नावनोंदणी सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे लागते. हे काम तिथल्या उन्हाळ्यात होते. म्हणजे तुमच्याकडे पावसाची झड लागलेली असताना घरात बसून करण्याजोगे.

धोरणाचे दुसरे उदाहरण फ्लोरिनयुक्त वॅक्सचे, म्हणजे स्की वेगाने घसरावी म्हणून तिच्या तळाला लावायच्या मेणाचे आहे. त्यातली रसायने निसर्गात नष्ट होत नाहीत आणि वॅक्स लावणाऱ्याच्या आरोग्यालाही घातक ठरू शकतात, म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने 2023-24च्या हंगामापासून आपल्या शर्यतींत त्यावर पूर्ण बंदी घातली. तिथे यंत्राने स्की तपासतात. स्थानिक शर्यतीत प्रत्येक स्की तपासणे परवडत नाही, त्यामुळे बंदी बरीचशी सभासदांच्या प्रामाणिकपणावर चालते. ती तरीही घालावी असे माझे ठाम मत आहे, पण यावरून बैठकीत वाद होतील याची तयारी ठेवा. (आपल्या गृहनिर्माण सोसायटीत पार्किंगचा विषय निघाल्यावर जे होते, साधारण तेच.)

वेळेचे गणित आधीच करून घ्या. मिनेसोटातली संध्याकाळी सातची बैठक आपल्याकडे उन्हाळी वेळेनुसार दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला येते. लवकर ऑफिसला निघणाऱ्याला ती झेपते, पण ऐन हंगामात ईमेलचा ओघ वाढतो आणि तिथली दुपार ही आपली रात्र असते. त्यामुळे ज्या कामात तासाभरात उत्तर द्यावे लागते ते स्वीकारू नका.

विनंतीला उत्तर देताना गेल्या दोन-तीन वर्षांचे ताळेबंद, संस्थेची घटना (नियमावली), विम्याची पॉलिसी आणि मागील बैठकांची इतिवृत्ते मागवा. पदाधिकाऱ्यांच्या चुकीसाठी वेगळा विमा आहे का, हेही विचारा. अनेक छोट्या संस्था फक्त अपघाताचा विमा घेऊन थांबतात. परदेशातून बँक खात्यावर सही करण्याचा अधिकार घेऊ नका, कारण त्यातून दोन्ही देशांत अहवाल देण्याचे प्रश्न उद्भवू शकतात. हिशेब तपासणे आणि अंदाजपत्रक मांडणे एवढेच काम घ्या. पहिली मुदत एका वर्षाची मागा. स्पर्धाप्रमुख किंवा मार्गप्रमुख ही पदे कितीही आग्रह झाला तरी नाकारा, कारण त्या माणसाला शर्यतीच्या दिवशी उजाडण्यापूर्वी ट्रॅकवर हजर राहावे लागते आणि ते घणसोलीतून शक्य नाही.