वय २४, पुण्यात कंत्राटी नोकरी, मेडिक्लेम नाही. अचानक ॲडमिट व्हावं लागलं तर काय करायचं?

तुमच्या वयात मोठा खर्च आणतात ते दुचाकीचे अपघात, अपेंडिक्स आणि डेंग्यू. खासगी रुग्णालयात पहिलं बोलणं डिपॉझिटचं होतं. घाबरून मित्रांकडून उसने पैसे आणून ते भरले जातात आणि सरकारी योजनेची चौकशी होते थेट डिस्चार्जच्या दिवशी. माझ्या मते खरं नुकसान या उशिरामुळेच होतं.

आधी पगाराची स्लिप काढा. पगार दरमहा २१,००० पर्यंत असेल आणि आस्थापनेत १० किंवा जास्त कामगार असतील, तर बहुतेक ठिकाणी ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं. त्यासाठी पगाराच्या प्रमाणात तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. कपात होत असते आणि कामगाराला स्वतःचा विमा क्रमांकच ठाऊक नसतो, असं कंत्राटी कामात घडतं. तो ठेकेदाराकडून आजच मागून घ्या.

ते नसेल तर रेशनकार्डावर मोफत उपचार देणारी राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू आहे, कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाखांपर्यंत. गाडी अडते ती कागदांवर. कार्ड गावाकडे असतं, त्यातून तुमचं नाव कमी झालेलं असतं, किंवा आधारवरचं नाव जुळत नाही. कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर आहे का, हेही बघा. हे सगळं तालुक्याच्या पुरवठा शाखेत दुरुस्त होतं, पण आजारी पडल्यावर तिथे खेटे कोण घालणार?

दाखल होतानाच योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. मंजुरी उपचाराआधी लागते. तातडीच्या वेळी ती फोनवरही मिळते. पैसे भरून मागाहून परतावा मिळेल, या भरवशावर राहू नका. ओपीडी यात नाही, यादीतलेच उपचार होतात आणि त्यातले काही फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. हेल्पलाइन १५५३८८.

पुण्या-मुंबईतली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत. तिथे १० टक्के खाटा १.८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना मोफत आणि आणखी १० टक्के ३.६ लाखांपर्यंतच्यांना सवलतीत द्याव्या लागतात. बिलिंगच्या खिडकीवर हुज्जत न घालता वैद्यकीय समाजसेवकाला गाठा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ हवा. जीव धोक्यात असेल तर या रुग्णालयांनी डिपॉझिटसाठी अडवून न ठेवता दाखल करून घ्यायचं असतं.

डेंग्यूसारख्या तापाला औंधचं जिल्हा रुग्णालय आहेच. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

आणि पॉलिसी? धडधाकट असतानाच घ्या. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काही मिळत नाही, हर्नियासारख्या ठरावीक आजारांना साधारण २ वर्षं थांबावं लागतं, आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३. दमा असेल तर फॉर्मवर लिहा. लपवला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. हप्त्याइतकीच खोलीभाड्याची अटही वाचा. मर्यादा दिवसाला ५,००० ची आणि खोली १०,००० ची घेतली, तर नुसतं भाडं नाही, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्माच मिळू शकतो.